शिरीषचे कप आणि माझी पेन्सिल

बक्षिसं सगळी शिरीषच्या घरात साठली. किस्से मात्र माझ्याकडे साठले. बक्षिसांवर धूळ बसते, ती दर शनिवारी पुसावी लागते. किश्शांचं तसं नाही, सांगता सांगताच ते पुसले जातात. "आणि थोडे पॉलिशही होतात," असं मंगल म्हणते. मंगल म्हणजे माझी बायको. पण मी रोज डायरी लिहितो, एकही दिवस न चुकवता, त्यामुळे माझ्या किश्शांना लेखी पुरावा आहे. मंगलच्या टोमण्यांना नाही!

ऐंशीच्या दशकात शिरीष आणि मी एकाच वर्षी इंग्लंडमध्ये रीडिंगला आलो. कंपनी एकच, अमेरिकन, कॉम्प्युटरची. पहिले आठ महिने घरही एकच. आडनावही एकच: कुलकर्णी. तो शिरीष, मी सुहास, म्हणजे कागदोपत्री दोघेही एस. कुलकर्णी. आमचा मॅनेजर ड्वेन हा ओहायोचा माणूस. त्याला 'कुलकर्णी' काही म्हणता येईना. त्याने शिरीषला 'कूल' म्हणायला सुरुवात केली.

"आणि मला?" मी विचारलं.

ड्वेनने थोडा विचार केला. "यू आर द अदर कूल!"

झालं. तेव्हापासून मी अदर कूल.

हा ड्वेन तरुणपणी एक सीझन प्रोफेशनल बेसबॉल खेळला होता. त्या एका सीझनमध्ये त्याला काहीही बक्षीस मिळालं नव्हतं, आणि ते त्याच्या मनात फार खोल गेलं होतं. रीडिंगला आल्यावर त्याने ऑफिसची बेसबॉल टीम काढली आणि प्रोफेशनल टीमच्या खेळाडूंना जेवढी म्हणून बक्षिसं मिळतात, तेवढी सगळी आमच्याकडे सुरू केली. मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर, सोनेरी हातमोजा, बॅटिंगचा किताब, नवख्यांमधला उत्तम. खेळाडू जेमतेम चौदा आणि बक्षिसं अकरा! एखादं तरी आपल्याला लागेलच, असं कुणालाही वाटलं असतं.

मलाही वाटलं. मला एक कप हवा होता. फार नाही, एकच.

*

नवख्यांमधला उत्तम, म्हणजे रूकी ऑफ द इयर, हा कप पहिल्याच वर्षी माझा झाला असता.

पहिली मॅच. मी बॅटिंगला उभा राहिलो. दोन चेंडू हुकले, तिसरा बॅटला लागला आणि बऱ्यापैकी लांब गेला. मी पळालो. पुण्यात लहानपणापासून जसा पळायचो तसाच पळालो, म्हणजे बॅट हातात घेऊन! पहिल्या बेसपाशी पोचताना खाली वाकलो आणि रनआउट होऊ नये म्हणून बॅट पुढे सरकवून जमिनीला टेकवली.

बेसबॉलमध्ये बॅट टाकून पळायचं असतं. पहिल्या बेसवरच्या गोऱ्याला ते माहीत होतं, मला नव्हतं. माझी बॅट पायात येताना पाहून त्याने चेंडूचा नाद सोडून उडी मारली. अंपायरने मला बाद दिलं. माझी बॅट त्या गोऱ्याच्या आड आली म्हणे. सगळं मैदान हसलं.

मग शिरीष आला. त्यानेही चेंडू मारला, आणि तोही बॅट घेऊनच पळाला! पण त्याचा चेंडू कुंपण ओलांडून पलीकडच्या गाईंमध्ये गेला. आता त्याला बाद करणार कोण? गाई? तो चारही बेसवर सावकाश पळाला आणि प्रत्येक ठिकाणी वाकून बॅट टेकवत गेला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ड्वेन म्हणाला, "दॅट इज स्टाइल!"

रूकी ऑफ द इयर: शिरीष.

बॅट दोघांनीही नेली होती. एवढंच मला सांगायचंय.

*

दोन मॅचनंतर माझा अंगठा दुखावला आणि मी बाकावर बसलो. बसल्या बसल्या डायरीत मॅच लिहून काढली. कोण कधी आलं, कुठे मारलं, कोण कसा बाद झाला, ढग कुठून आले. ड्वेनने खांद्यावरून वाचलं. मराठी असल्यामुळे त्याला काही कळलं नाही, पण ओळी सरळ होत्या ते त्याला दिसलं.

"अदर कूल, तुझा अंगठा बरा होऊ देऊ नकोस," तो म्हणाला आणि त्याने स्कोअरबुक माझ्या मांडीवर ठेवलं. ते पुढची अकरा वर्षं माझ्या मांडीवरून उठलं नाही.

स्कोअरर म्हणजे नुसता आकडे लिहिणारा, असं क्रिकेटवाल्यांना वाटतं. बेसबॉलमध्ये तसं नाही. चेंडू मारून माणूस बेसवर पोचला, की स्कोअररला न्याय करावा लागतो. त्याने चांगला मारला म्हणून तो पोचला, की फील्डरने घाण केली म्हणून? पहिलं असेल तर 'हिट', आणि मारणाऱ्याची सरासरी वर जाते. दुसरं असेल तर 'एरर'. वहीत इंग्रजी 'ई' लिहायचा, आणि मारणाऱ्याची सरासरी खाली येते. अंपायरला त्यात काही बोलता येत नाही. माझी पेन्सिल शेवटची!

थोडक्यात, बक्षिसं कुणाला मिळणार ते माझ्या पेन्सिलीवर ठरायचं. मला सोडून कुणाला मिळणार, ते.

आणि ही पेन्सिल सरळ होती. शिरीषबद्दल माझ्या मनात जे काय असायचं ते मनात. पेन्सिलीत मी ते कधी उतरू दिलं नाही. अकरा वर्षांत माझ्या एका निकालाला कुणी नाव ठेवलं नाही. कप नव्हता, पण हे होतं.

*

बेसबॉलमध्ये पिचरचं लक्ष नसताना एका बेसवरून पुढच्या बेसवर पळून जाता येतं. त्याला बेस चोरणं म्हणतात. आमच्या टीममध्ये त्यात कोण पुढे असणार, हे सांगायला नकोच. ड्वेनने एका वर्षी त्याचीही ढाल केली आणि गंमत म्हणून तिच्यावर कोरून घेतलं: 'थीफ ऑफ द इयर'.

त्याच उन्हाळ्यात शिरीषच्या सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका. आम्ही चहाला गेलो तेव्हा त्या चष्मा लावून कपाटातल्या ढाली एकेक करून वाचत होत्या. एका ढालीपाशी त्या थांबल्या.

"अहो सुहासराव, हे काय लिहिलंय हो? मला वाटतंय तेच आहे का?"

शिरीष आत भजी तळत होता. ('ते भजीही चांगली करतात,' असं मंगल म्हणते. असो.) अशी संधी पुन्हा येणार नव्हती.

"हो," मी गंभीरपणे म्हणालो. "वर्षातला सर्वोत्तम चोर."

सासूबाई खुर्चीत बसल्या. "चोरी? आमचे जावई?"

"सतरा वेळा. माझ्याकडे सगळ्याची नोंद आहे."

"इतक्या लोकांसमोर?"

"भर दिवसा!"

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. मी मनातल्या मनात तो क्षण डायरीत उतरवत होतो.

"आणि सापडले किती वेळा?" त्यांनी विचारलं.

आता वहीत जे होतं तेच सांगणं भाग होतं. "एकदाही नाही."

"मग हुशार आहेत!" सासूबाई म्हणाल्या आणि ढाल पुढच्या रांगेत ठेवून आल्या.

*

एका शुक्रवारी ऑफिसच्या अंतर्गत टपालाने माझ्या टेबलावर एक खोकं आलं. वर लिहिलं होतं: एस. कुलकर्णी. आत सोनेरी हातमोजा! सर्वोत्तम फील्डरचं बक्षीस, लाकडी बैठकीवर ठेवलेलं.

शिरीष तीन टेबलं सोडून बसायचा. पण त्या दिवशी तो लंडनला गेला होता. टेबलावर अशी वस्तू सोडून जाणं बरं नव्हे, कुणी उचलली तर? म्हणून मी ती घरी नेली. घरी तरी कुठे ठेवणार? जमिनीवर ठेवली तर पाय लागेल. म्हणून साइडबोर्डवर ठेवली. मधोमध ठेवली, कारण कडेला ठेवली तर पडेल.

"हा कधी परत करणार?" मंगलने विचारलं.

"सोमवारी."

"मग दिवा कशाला सरकवलाय त्याच्या बाजूला?"

शनिवारी लीड्सहून डॉक्टर पाध्ये आले. तिथल्या हॉस्पिटलमध्ये हाडांचे डॉक्टर, आणि इंग्लंडमधल्या सगळ्या मराठी मंडळांना जाणाऱ्या त्रैमासिक पत्रिकेचे संपादक. आत आल्या आल्या त्यांचं लक्ष साइडबोर्डकडे गेलं.

"अरे वा! कुलकर्णी, हे तुमचं?"

आता मी 'हो' म्हणालो नाही. डायरीत नेमकं वाक्य आहे. मी म्हणालो, "असतं आपलं थोडंफार."

डॉक्टरांनी कॅमेरा काढला. "धरा बघू हातात. थोडं वर. हसा!"

मी हसलो. मंगल चहा आणायला म्हणून आत गेली ती डॉक्टर गेल्यावरच बाहेर आली.

सोमवारी शिरीष आजारी होता, मंगळवारी मी विसरलो, बुधवारी पाऊस होता. करता करता महिना गेला आणि पत्रिका आली. पान तिसरं, अर्ध्या पानाचा फोटो, खाली ओळ: 'रीडिंगचे श्री. सुहास कुलकर्णी, उत्कृष्ट क्षेत्ररक्षक.' पत्रिका शिरीषकडेही जायची.

फोन वाजला.

"सुहास, फोटो झकास आलाय रे!"

"शिरीष, मी तुला सांगणारच होतो, तो हातमोजा..."

"असू दे रे, घाई नाही. पुढच्या वर्षीचा आला की दे!"

*

नंतर आमच्या मंडळाने गणपतीत शिरीषचा सत्कार करायचं ठरवलं. शाल, श्रीफळ, सन्मानपत्र, सगळं साग्रसंगीत. सन्मानपत्र कुणी लिहायचं? अक्षर कुणाचं चांगलं? वहीत सगळे आकडे कुणाकडे?

मी तीन संध्याकाळी बसून लिहिलं. आपल्याला नको असलेली स्तुती शुद्ध मराठीत लिहिणं फार अवघड असतं. त्यातून बेसबॉलचे शब्द! बेसबॉलमध्ये एक 'सॅक्रिफाइस' असतो: आपल्या टीमच्या माणसाला पुढे सरकता यावं म्हणून बॅट्समन मुद्दाम हळू चेंडू मारून स्वतः बाद होतो. शिरीषने त्या सीझनला तसं अकरा वेळा केलं होतं. मी शब्दकोश काढला आणि लिहून टाकलं.

हॉल भरला होता. लीड्सहून डॉक्टर पाध्येही आले होते. अध्यक्षांनी घसा साफ करून वाचायला घेतलं. "...आणि ज्यांनी आपल्या संघासाठी एकाच वर्षात तब्बल अकरा वेळा बलिदान दिले..."

"आणि तरी ठणठणीत दिसतायत!" डॉक्टर पाध्ये मागून ओरडले. "मला एकदा तपासू द्या!"

हॉल पाच मिनिटं हसत होता. खरं सांगतो, मला बरं वाटलं. पण ते बरं वाटणं फार टिकलं नाही.

ड्वेनलाही पाहुणा म्हणून बोलावलं होतं. त्याच्या खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. नारळाचं काय करायचं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने तो हातात फिरवला, वजन बघितलं, आणि बेसबॉलवाल्याचा हात गप्प बसेना. "कूल!" असं ओरडून त्याने स्टेजच्या या टोकावरून तो नारळ शिरीषकडे फेकला.

शिरीषच्या एका हातात सन्मानपत्र होतं. त्याने दुसऱ्या हाताने, एकाच हाताने, नारळ झेलला!

बायकांनी टाळ्या वाजवल्या. भटजींनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. शिरीष माझ्याकडे बघून म्हणाला, "सुहास, लिहून घे!"

घेतलं. काय करणार?

*

माझी मुलगी ऋता सात-आठ वर्षांची असतानाची गोष्ट. 'घरून काहीतरी अभिमानाची वस्तू आणा आणि त्याबद्दल बोला,' असं शाळेत मिसने सांगितलं होतं. ऋता शेजारच्या गल्लीत जाऊन शिरीषचा सगळ्यात मोठा कप घेऊन आली.

"बाबा, शिरीषकाकाची कप किती मोठा आहे बघ!"

"शिरीषकाकाचा कप," मी दुरुस्त केलं. व्याकरण तरी आपल्या हातात असावं. "आपल्या घरातलं काही नाही सापडलं?"

तिने घरभर बघितलं. अगदी प्रामाणिकपणे बघितलं. "नाही," ती म्हणाली.

पेरेंट्स ईव्हनिंगला मिस मला म्हणाली, "कप फारच सुंदर होता. मी ऋताला विचारलं, तुझे बाबा मिळवून आणतात का गं? तर काय म्हणाली माहितेय? 'नो मिस, माय डॅड जस्ट डझ द सम्स!'"

*

एकदा मीच ड्वेनकडे गेलो. पूर्ण हजेरीचं एक बक्षीस असायचं. शिरीषने त्या सीझनला दोन मॅच चुकवल्या होत्या, तरी बाकीच्यांपेक्षा जास्त खेळला म्हणून ते त्यालाच मिळालं. मी वही उघडून दाखवली. नऊ वर्षांत मी एकही मॅच चुकवली नव्हती. ऋता झाली त्या दिवशी मॅच नव्हती, हे नशीब.

ड्वेनने वही नीट बघितली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अदर कूल, हजेरी खेळाडूंची घेतात. तू म्हणजे इथलं हवामान आहेस. तू असतोसच!"

घरी येऊन मी मंगलला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

"अहो, मग बरोबर आहे," ती म्हणाली. "इथल्या हवामानाला कोण बक्षीस देणार?"

*

आता शेवटचा किस्सा. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. सीझनची शेवटची मॅच, मेडनहेडच्या टीमविरुद्ध. बॅटिंगच्या किताबासाठी दोघांत चुरस होती: शिरीष आणि आमच्याच डिस्पॅच विभागातला कॉलिन. दोघांच्या सरासरीत केसाएवढा फरक. त्या दिवशी शिरीषला दोन हिट हव्या होत्या. एक तिसऱ्या इनिंगमध्ये मिळाली. मग थेट शेवटची इनिंग आली.

शिरीषने चेंडू मारला. जोरात, जमिनीलगत, मेडनहेडच्या फील्डरच्या अंगावर. चेंडू त्याच्या हातमोज्यात गेला आणि सांडला. शिरीष बेसवर पोचला.

हिट की एरर? सगळे माझ्याकडे बघायला लागले. ड्वेन बघत होता, कॉलिन बघत होता. शिरीष तेवढा बघत नव्हता, तो बुटाची नाडी बांधत होता.

खरं सांगतो. तो एरर होता. दुसऱ्या कुणाचा असता तर मी डोळे मिटून 'ई' लिहिला असता. पण तो शिरीषचा होता आणि 'ई' लिहायच्या कल्पनेनेच मला इतकं बरं वाटलं, की त्या बरं वाटण्याचीच मला भीती वाटली. मी पेन्सिल उचलली, ठेवली, परत उचलली. आणि 'ई' लिहिला.

किताब कॉलिनला गेला. शिरीषने कॉलिनचा हात हातात घेतला, किट आवरलं आणि "येतो रे," म्हणून गेला. घरी मी जेवलो नाही. "पोट बरं नाही," मंगलला सांगितलं.

स्कोअरशीट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ड्वेनला द्यायचं असे. तोवर स्कोअररला निकाल बदलता यायचा, हे टीममधल्या सगळ्यांना माहीत होतं. सोमवारी सकाळी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. तीन टेबलं पलीकडून शिरीष बोलत होता. उठून यायचं सोडून फोन! म्हणजे विषय नाजूक होता. मी रविवारी रात्रीच उत्तर तयार करून ठेवलं होतं: नियम काय, चेंडू कुठून आला, हातमोजा कुठे होता.

"सुहास, कालच्या त्या 'ई'बद्दल बोलायचं होतं."

"हे बघ, शिरीष..."

"तो बरोबर आहे. एररच होता."

मी स्कोअरशीट पुढे ओढलं.

"पण तिसऱ्या इनिंगमधली ती हिट बघ ना," तो हळू आवाजात म्हणाला. "ती पण हिट नव्हती रे. त्यांच्या माणसाच्या हातातून चेंडू सुटला होता. तू तेव्हा खाली बघून पेन्सिलीला टोक काढत होतास. मी बेसवरून बघितलं. शीट जायच्या आधी बदलून टाक."

मी डोकं वर केलं. तीन टेबलांपलीकडे तो फोन कानाला लावून खिडकीबाहेर बघत होता.

खरंच मी टोक काढत होतो. डोकं वर केलं तेव्हा शिरीष बेसवर उभा होता. शिरीष आहे म्हणजे हिटच असणार, असं धरून मी हिट लिहिली होती. अकरा वर्षांत न बघता लिहिलेली ती एकच.

मी रबर घेतलं. हिट खोडली, 'ई' लिहिला, आणि बेरजा पुन्हा केल्या. त्याचा दुसरा नंबरही गेला.

ड्वेनने शीट उजेडात धरलं. खोडलेलं त्याला लगेच दिसलं. अकरा वर्षांत माझ्या शीटवर त्याने खाडाखोड पाहिली नव्हती.

"हे मॅचनंतर बदललंस?"

"हो."

"कुणी सांगितलं?"

त्यावर 'शिरीषने' असं म्हणायला काय लागत होतं? एक शब्द. तो वाचवून मी दोन बोललो.

"कुणी नाही."

ड्वेन शीट घडी करून घेऊन गेला.

ऑक्टोबरमध्ये सीझनचं जेवण होतं, रविवारी दुपारी, ऑफिसच्या कँटीनमध्ये. सगळ्यांच्या बायका-मुलं होती. बक्षिसं संपली. कॉलिनने किताब घेतला. त्या वर्षी पहिल्यांदाच शिरीषच्या हातात काही नव्हतं. आम्ही उठणार तेवढ्यात ड्वेन परत माइकपाशी गेला.

तो म्हणाला, मोठ्या टीममध्ये एक बक्षीस असतं. ते बॅटसाठी नसतं, हातमोज्यासाठी नसतं, माणसासाठी असतं. आपल्याकडे ते आजवर कुणाला दिलं नाही, कारण तसा प्रसंग आला नाही. "या वर्षी एका माणसाने आपल्या सगळ्यात जवळच्या मित्राची एक हिट नाकारली. मग घरी गेला, त्याला झोप लागली नाही, आणि कुणीही न सांगता त्याने दुसरीही काढून घेतली. कारण ते खरं होतं. सुहास कुलकर्णी!"

त्याने माझं नाव पूर्ण घेतलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. उच्चारही बरोबर होता. बहुतेक घरी पाठ करून आला होता.

सगळ्यात आधी कोण उभं राहिलं? शिरीष. मग बाकीचे. मंगल डोळे पुसत होती. ऋता खुर्चीवर चढून टाळ्या वाजवत होती. मी पुढे गेलो. ड्वेनने माझ्या हातात कप दिला आणि तोंडासमोर माइक धरला.

"बोल ना काहीतरी!"

मी समोर बघितलं. शिरीष अजून उभाच होता. टाळ्या वाजवता वाजवता त्याने मान हलवली. किंचित, नकारार्थी. दुसऱ्या कुणाला दिसलीही नसेल.

"थँक यू," मी म्हणालो, आणि जागेवर येऊन बसलो.

जेवणानंतर कार पार्कमध्ये मंगल आणि ऋता गाडीत बसल्या होत्या. मी कप मागच्या सीटवर ठेवत होतो, तेवढ्यात शिरीष आला.

"शिरीष, ऐक, मी ड्वेनला..."

"बघू दे आधी."

त्याने कप हातात घेतला. उन्हात धरून नीट फिरवून बघितला, वरून, खालून, वजन करून.

"जड आहे रे," तो म्हणाला. "असला माझ्याकडे एकही नाही."